मोटारीतील वाटाड्या आणि रेडिओचे एरियल

अनोळखी मुलखात शिरणाऱ्या प्रवाशाला पूर्वी दोन माणसांची गरज पडत असे. एक वाटाड्या, आणि दुसरा त्याच वाटेने नुकताच आलेला वाटसरू. वाटाड्याला घाट, खिंडी, पायवाटा, पाणवठे सारे तोंडपाठ असे. परंतु ओढ्याला आज सकाळी पूर आला आहे, पलीकडच्या उतारावर दरड कोसळली आहे, ही वार्ता त्याच्यापाशी नसे. ती सांगावयाची तिकडून आलेल्या वाटसरूनेच. वाटाड्या कितीही जाणता असला तरी त्याचे ज्ञान कालचे असते. आणि वाटसरूची बातमी कितीही ताजी असली तरी ती कानी पडली नाही तर तिचा उपयोग काहीच नाही.

मोटारीच्या पुढच्या काचेपाशी बसविलेल्या मार्गदर्शक यंत्राच्या पोटात हे दोघेही राहतात, आणि ते एकाच पडद्यावरून बोलत असल्यामुळे पुष्कळांस ते एकच वाटतात. वस्तुतः त्यांचे कान निराळे, त्यांना वार्ता आणून देणाऱ्या लहरी निराळ्या आणि त्यांच्या अडचणीही निराळ्या. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे यंत्र बिघडले असा बोल त्याला नाहक लाविला जातो. किंवा, याहून वाईट म्हणजे, यंत्र गप्प आहे त्याअर्थी रस्ता मोकळा आहे असा भरवसा धरला जातो. प्रस्तुत विषय दिसावयास एका तारेचा आणि एका प्लगाचा आहे. परंतु त्याच्या मुळाशी हा भरवशाचा प्रश्न आहे.

प्रथम वाटाड्याचा विचार करावा. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जी. पी. एस. या अमेरिकन योजनेचे उपग्रह आपली वेळ आणि आपले स्थान अखंडपणे प्रक्षेपित करीत असतात. मोटारीतील यंत्र निदान चार उपग्रहांचे संकेत ऐकते, प्रत्येक संकेत किती अवधीने येऊन पोहोचला हे मोजते, आणि त्यावरून स्वतःची जागा गणिताने काढते. नागरिकांसाठी असलेल्या संकेतांत अमेरिकेचे सरकार पूर्वी मुद्दाम अशुद्धता मिसळीत असे. ती २ मे २००० रोजी बंद करण्यात आली. त्यानंतर मोटार नेमकी कोणत्या रस्त्यावर आहे हे सांगणे सोपे झाले व अशा यंत्रांचा प्रसार झपाट्याने झाला. तथापि हा उपग्रह म्हणजे आकाशात टांगलेले एक अचूक घड्याळच होय. खालचा रस्ता त्याला दिसत नाही. मोटार येथे आहे इतके त्याच्यामुळे कळते. पुढे काय वाढून ठेवले आहे ते कळत नाही.

ती वार्ता आणणारा वाटसरू म्हणजे नभोवाणी. या कामी जर्मनीचे उदाहरण बोधप्रद आहे. त्या देशात १९७४ साली ए. आर. आय. या नावाची एक योजना सुरू झाली. रहदारीची बातमी देणाऱ्या केंद्राच्या लहरींवर ५७ किलोहर्ट्झची एक कानास ऐकू न येणारी खूण बसविलेली असे, आणि ती ओळखून मोटारीतला रेडिओ त्या केंद्राचा माग काढी. पुढे १९८४ साली युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने आर. डी. एस. ही पद्धती आखून दिली. तीत त्याच ५७ किलोहर्ट्झच्या जागेवरून नुसत्या खुणेऐवजी अक्षरे आणि आकडे पाठविता येऊ लागले. गाणे किंवा भाषण चालूच असते, आणि त्याच्या पाठीवर बसून ही लिखित वार्ता श्रोत्यांच्या नकळत प्रवास करते. याच मार्गाने १९९७ सालापासून जर्मनीत टी. एम. सी., म्हणजे ट्रॅफिक मेसेज चॅनल, या नावाची रहदारीची सेवा देशभर सुरू झाली.

या सेवेची युक्ती मोठी मनोरम आहे. संदेशात शब्द नसतातच, केवळ आकडे असतात. एक आकडा घटनेचा: रस्ता बंद, अपघात, कोंडी, धुके, उलट दिशेने येणारे वाहन, इत्यादी. दुसरा आकडा जागेचा: अमुक महामार्गावरील अमुक फाटा. त्याखेरीज दिशा कोणती, अडथळा किती दूरवर पसरला आहे आणि तो किती वेळ टिकेल असा अंदाज आहे, हेही थोडक्या आकड्यांत सांगितलेले असते. घटनांच्या यादीत २,०४८ आणि जागांच्या यादीत ६५,५३६ आकड्यांपर्यंत सोय ठेविलेली आहे. या दोन्ही याद्या यंत्रात अगोदरच भरलेल्या असतात. आकडा आला की यंत्र आपली यादी उघडते, अर्थ लाविते आणि नकाशावर खूण उमटविते. यामुळे म्युनिकच्या केंद्राने पाठविलेली बातमी फ्रेंच प्रवाशाला फ्रेंचमध्ये आणि इटालियन प्रवाशाला इटालियनमध्ये वाचता येते. यंत्रात मराठी शब्दांची यादी भरली, तर तीच बातमी मराठीतही बोलेल.

परंतु हा वाटसरू फार हळू आवाजात बोलतो, आणि त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. नभोवाणी केंद्राच्या लहरीला मुख्यतः ध्वनी वाहून न्यावयाचा असतो. तिच्या सामर्थ्याचा अगदी लहानसा वाटा या आकड्यांच्या वाट्याला येतो. शिवाय एफ. एम. पद्धतीत लहरींतील खरखर सर्व ठिकाणी सारखी नसते. ऐकू येणाऱ्या स्वरांच्या पट्ट्यात ती कमी असते, आणि वर वर चढावे तसतशी वाढत जाते. ५७ किलोहर्ट्झच्या उंचीवर ती पुष्कळच मोठी असते. म्हणजे आवाज बारीक आणि गलबला मोठा अशा ठिकाणी हे आकडे उभे असतात. त्यांचा वेगही बेताचाच, सेकंदास १,१८७.५ द्विमान अंक इतका. आणि त्यातील प्रत्येक २६ अंकांमागे १० अंक केवळ चूक पकडण्यासाठी खर्ची पडतात.

त्यातही एक नियम असा की, एकच संदेश लागोपाठ पाठविला जातो, आणि तो निदान दोन वेळा अक्षरशः सारखाच ऐकू आल्याशिवाय यंत्राने त्यावर विश्वास ठेवावयाचा नाही. हा नियम शहाणपणाचा आहे. एखादा आकडा चुकून ऐकला गेला तर मोकळ्या रस्त्यावर नसती दरड कोसळेल, किंवा खरा अपघात भलत्याच फाट्यावर जाऊन पडेल. चुकीची बातमी देण्यापेक्षा बातमी न देणे बरे, असे या पद्धतीच्या कर्त्यांनी ठरविले. तसेच आलेली बातमी ठराविक मुदतीत पुन्हा ऐकू आली नाही, तर ती शिळी समजून पुसून टाकावयाची, हाही नियम योग्यच आहे. मात्र या दोन्ही नियमांचा एकत्र परिणाम काय होतो, इकडे लक्ष दिले पाहिजे. ऐकणे बिघडले की नवी बातमी स्वीकारली जात नाही आणि जुनी पुसली जाते. पडदा स्वच्छ होतो. आणि रस्ता खरोखर निर्वेध असतो, तेव्हाही पडदा असाच स्वच्छ असतो.

साध्या रेडिओचे तसे नसते. केंद्र नीट लागले नाही की तो खरखरतो, गाणे तुटते, आणि ऐकणाऱ्याला ताबडतोब कळते की काहीतरी बिघडले. आकडे वाचणारे यंत्र असे कुरकुरत नाही. ते मुकाट्याने बहिरे होते. काही यंत्रे कोपऱ्यात एक बारीकशी खूण दाखवितात खरी. पण वेगाने मोटार हाकणाऱ्याचे तिकडे लक्ष जाईलच असे नाही.

समजा, एक गृहस्थ श्टुटगार्टहून उल्ममार्गे म्युनिकला निघाले आहेत. ए-८ हा महामार्ग वाटेत श्वाबियन आल्प नावाच्या डोंगरपठारावर चढतो. चढणीला दोन्ही बाजूंस कडे आणि झाडी; नभोवाणीच्या लहरी तेथे कुठे पोहोचतात, कुठे कड्यावर आपटून वेड्यावाकड्या येतात. चढ संपतो, पठार लागते, आणि गृहस्थ वेग वाढवितात. जर्मन महामार्गावर जेथे गतीची मर्यादा घातलेली नाही तेथे ताशी १३० किलोमीटरपर्यंतच राहावे अशी शिफारस १९७८ पासून आहे. त्या गतीने मोटार दर सेकंदास ३६ मीटर धावते. पडदा स्वच्छ असतो. एवढ्यात रस्ता एका उंचवट्यावरून खाली वळतो आणि समोर थांबलेल्या मोटारींची रांग दिसते. गृहस्थ सारा जोर लावून ब्रेक दाबतात, आणि दैव बलवत्तर म्हणून मोटार पुढच्या मोटारीच्या हातभर अलीकडे थांबते. छातीची धडधड शांत झाल्यावर ते मन रमविण्यासाठी रेडिओ लावतात, तो निवेदक याच दोन फाट्यांमधील कोंडीची बातमी स्पष्ट आवाजात सांगत असतो!

बातमी सुटली होती. ती मोटारीपर्यंत आलीही होती. छपरावरच्या एरियलाला ती ऐकू येत होती. काचेमागच्या यंत्राला मात्र ऐकू आली नव्हती. एकाच मोटारीत एक कान जागा आणि दुसरा बहिरा, असा हा प्रकार.

असे का व्हावे? याचे उत्तर दोन्ही एरियलांच्या जागेत आहे. एफ. एम. नभोवाणीच्या लहरी ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सुमारे तीन मीटर लांबीच्या असतात. त्या ऐकावयास पाऊण मीटर लांबीची उभी काठी, खाली धातूचे विस्तीर्ण छप्पर, आणि सभोवार मोकळी हवा, ही उत्तम व्यवस्था होय. मोटार बनविणाराने रेडिओकरिता छपरावर जे एरियल बसविलेले असते, ते आखूड असले तरी याच तत्त्वावरचे असते, आणि त्याच्या पायथ्याशी बहुधा एक लहान वर्धकही असतो. उलटपक्षी, मार्गदर्शक यंत्राचे रहदारी-ग्राहक पुष्कळदा वीज पुरविणाऱ्या दोरीतच बसविलेले असते आणि त्याचे एरियल म्हणजे एक बारीक तार. ती कुणी काचेला चिकटवितो, कुणी डॅशबोर्डवर टाकून देतो, कुणी गुंडाळून खणात कोंबतो. मोटारीचा सांगाडा धातूचा. म्हणजे ही तार जणू पत्र्याच्या पेटीत ठेविलेली. लहरींना आत येण्यास खिडक्यांचीच काय ती वाट. आणि काही मोटारींच्या पुढच्या काचेत उन्हाचा ताप अडविण्यासाठी धातूचा अतिसूक्ष्म थर दिलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण लहरींना अडवितो. भरीस भर म्हणून, बॅटरीच्या १२ व्होल्टांचे ५ व्होल्ट करणारा जो लहानसा परिवर्तक दोरीच्या टोकाला असतो, तो स्वतःच थोडीफार खरखर उत्पन्न करितो, आणि ऐकणारी तार तर त्याच्याच शेजारी असते.

तेव्हा छपरावर एवढे चांगले एरियल आयते उभे असता त्याचाच उपयोग दोघांनाही का करून देऊ नये, हा विचार कोणालाही सुचावा. विचार योग्य आहे; परंतु तो अमलात आणण्याची रीत मात्र सरळ नाही. एरियलाची तार कापावी, तिला दुसरी तार पिळून जोडावी आणि वर चिकटपट्टी गुंडाळावी, असा उद्योग अनेकांनी केला आहे, आणि त्यातून दोन्ही ग्राहक बिघडविले आहेत. असे का होते, याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण वाटणीचे. पाटाचे पाणी दोन वाफ्यांना द्यावयाचे असेल तर बांध फोडून चालत नाही. दोन्ही तोंडे बेताने घालावी लागतात, नाहीतर पाणी उलटे फिरते आणि कडेची माती वाहून जाते. एरियलाच्या तारेतून येणाऱ्या संकेताचेही तसेच आहे. ती तार एका विशिष्ट विद्युत्‌भारासाठी जुळविलेली असते. तिच्या टोकाला एकाऐवजी दोन यंत्रे नुसती चिकटविली तर भार बदलतो, आणि संकेताचा काही भाग परत एरियलाकडे उलटतो. जुळणी राखून वाटणी करणारे एक छोटे साधन मिळते. त्याला विभाजक म्हणावे. चांगल्या विभाजकात चुंबकीय द्रव्याच्या लहानशा कड्यावर तारेचे वेढे दिलेले असतात, आणि तो संकेताचे दोन सारखे भाग करितो. अर्थात प्रत्येकाच्या वाट्याला निम्मेच येते, किंबहुना निम्म्याहून किंचित कमी. ही निसर्गाची पट्टी आहे, ती चुकविता येत नाही. केवळ रोधक जोडून बनविलेले स्वस्त विभाजकही असतात. त्यांतून प्रत्येकाला चौथा हिस्साच मिळतो, आणि उरलेला अर्धा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो.

दुसरे कारण शेजाऱ्याच्या आवाजाचे. रेडिओ केवळ ऐकतो, बोलत नाही, अशी समजूत आहे. ती पूर्णपणे खरी नाही. अनेक रेडिओंत, केंद्र पकडण्यासाठी आतल्या आत एक स्वतंत्र लहर उत्पन्न केलेली असते, आणि ती बहुधा लावलेल्या केंद्राहून १०.७ मेगाहर्ट्झने वर असते. हिचा थोडासा अंश एरियलाच्या वाटेने बाहेर झिरपतो. समजा, रेडिओवर ९०.० मेगाहर्ट्झचे केंद्र लावले आहे. तर त्याची अंतर्गत लहर १००.७ वर असेल. शेजारच्या रहदारी-ग्राहकाला नेमके १००.७ चे केंद्र ऐकावयाचे असेल, तर त्याच्या कानात शेजाऱ्याची ही गुणगुण शिरेल आणि आकडे बुडून जातील. तारा नुसत्या पिळल्या की ही वाट सताड उघडी होते. उत्तम विभाजकात एका तोंडातून दुसऱ्या तोंडाकडे जाणारी वाट बंद ठेविलेली असते. त्याच्या गुणांची परीक्षा करिताना वाटणीइतकेच याकडेही पाहावे.

तिसरे कारण सर्वांत धोक्याचे. छपरावरच्या किंवा मागच्या काचेतील एरियलाला जो वर्धक असतो, त्याला वीज कोठून मिळते? अनेक मोटारींत ती रेडिओकडून त्याच तारेतून उलट दिशेने वर जाते. म्हणजे त्या तारेतून वरून संकेत खाली येतो आणि खालून सुमारे १२ व्होल्टांची वीज वर जाते. अशा तारेत वीज सोडणारा विभाजक पाहिल्याशिवाय बसविला, तर दोन अनर्थांपैकी एक ठरलेला. विभाजक ती वीज अडवीत असेल, तर वर्धक उपाशी राहतो, आणि रहदारी-ग्राहक तर सुधारत नाहीच, पण रेडिओही बिघडतो. विभाजक ती वीज दोन्हीकडे सोडीत असेल, तर रहदारी-ग्राहकाच्या नाजूक मुखात १२ व्होल्ट शिरतात, किंवा वेढ्यांतून सांगाड्याशी थेट जोड होऊन रेडिओचा वीजपुरवठा जळतो. म्हणून विभाजक असा निवडावा की ज्याच्या रेडिओकडील तोंडातून वीज एरियलाकडे जाते, आणि दुसरे तोंड कंडेन्सर घालून विजेपुरते बंद केलेले असते. आपल्या मोटारीत कोणती व्यवस्था आहे, हे व्होल्टमीटरने मोजून किंवा जाणत्या कारागिरास विचारून आधीच ठरवावे.

एवढे समजले म्हणजे प्रत्यक्ष काम अवघड नाही. बॅटरीची ऋण बाजू सोडावी. तत्पूर्वी रेडिओ पुन्हा सुरू करण्याचा सांकेतिक आकडा जवळ आहे की नाही हे पाहावे, नाहीतर रेडिओ मुका होऊन बसावयाचा. रेडिओ पुढे ओढून त्याच्या पाठीमागचा एरियलाचा प्लग काढावा. जुन्या मोटारींत हा प्लग लांबट आणि गोल, मोटोरोला या नावाने ओळखला जाणारा असतो. अलीकडच्या युरोपीय मोटारींत फाक्रा नावाचा, रंगीत खोबणीचा असतो, आणि त्याला अनुरूप जोडणी वेगळी घ्यावी लागते. प्लग विभाजकाच्या मुखात, विभाजकाचे एक टोक रेडिओत, आणि दुसऱ्या टोकापासून पडदा असलेली एककेंद्री तार रहदारी-ग्राहकापर्यंत न्यावी. बाहेरच्या एरियलासाठी ग्राहकात जे बारीक छिद्र असते, त्यात ती बसते. असे छिद्र नसलेल्या यंत्रात तार चिरून जोड देण्याचा मोह टाळावा. तार नेताना ती सुकाणूच्या दांड्यात, पायपट्ट्यांत अडकणार नाही याची काळजी घ्यावी, आणि काचेच्या बाजूच्या खांबातून नेऊ नये. कारण अपघाताच्या क्षणी फुगणारी हवेची पिशवी पुष्कळदा त्याच खांबात घडी घालून ठेविलेली असते.

येथे एक गैरसमज आवर्जून दूर केला पाहिजे. या एरियलाचा उपग्रहांच्या संकेताशी काही संबंध नाही. जी. पी. एस.ची लहर १,५७५.४२ मेगाहर्ट्झची, म्हणजे सुमारे १९ सेंटिमीटर लांबीची. तिला ऐकणारे एरियल यंत्राच्या पोटातच एका चपट्या चकतीच्या रूपात असते. नभोवाणीच्या एरियलाची जोड दिल्याने मोटारीचे स्थान अधिक अचूक कळणार नाही, आणि न दिल्याने कमी अचूक कळणार नाही. सुधारणा होईल ती वार्तेत. तसेच, काही देशांत रहदारीची सेवा पैसे भरणाऱ्यांपुरती गुप्त लिपीत पाठविण्याची सोय केलेली आहे. एरियल कितीही उत्तम असले तरी ते ती लिपी सोडवीत नाही.

जोडणी झाल्यावर तिची परीक्षा घ्यावी, आणि ती घराच्या दारात नव्हे. जेथे पूर्वी यंत्र बहिरे होत असे, अशी एखादी जागा ठाऊक असेल तर तेथे मोटार बाजूला थांबवून पाहावे. यंत्रात केंद्राचे नाव आणि संकेताची ताकद दाखविणारे पान बहुधा असते. तारेने ऐकलेले आणि छपरावरच्या एरियलाने ऐकलेले, दोन्ही लिहून ताडून पाहावे. त्याच वेळी रेडिओवरील दूरचे केंद्र पूर्वीइतकेच स्वच्छ लागते का, हेही पाहावे. वाटणीत गेलेला निम्मा भाग शहरात जाणवणार नाही. दूरच्या खेड्यात कदाचित जाणवेल. जाणवलाच, तर वाटणीपूर्वी संकेत वाढविणारा विभाजक मिळतो. परंतु तो केंद्राच्या अगदी जवळ राहणाऱ्याने घेऊ नये. मोठा आवाज आणखी मोठा केला की कान बधिर होतात, तसे त्या ग्राहकाचे होते.

आता या उपायाच्या मर्यादा. घाटाच्या कुशीत, बोगद्यात किंवा दोन केंद्रांच्या मधल्या ओसाड पट्ट्यात छपरावरचे एरियलही हतबल होते. बातमी जितक्या उशिरा सुटली तितकी ती शिळी. रांग मात्र मिनिटामिनिटाला मागे सरकत असते. जागेचे आकडे फाट्यांचे असतात, वळणांचे नसतात. कोंडीचे टोक नेमके कोणत्या उंचवट्यामागे आहे, हे त्यांत सापडणार नाही. आणि नभोवाणीचे स्वतःचे रूपही पालटत आहे. नॉर्वेतील राष्ट्रीय केंद्रांनी २०१७ साली एफ. एम. प्रक्षेपण बंद केले. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक नभोवाणीने ३१ डिसेंबर २०२४ रोजी ते थांबविले. ही केंद्रे आता १७४ ते २४० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून, अंकात्मक पद्धतीने बोलतात. जुन्या ग्राहकाला ती भाषा कळत नाही. जेथे एफ. एम.वरून ही सेवा मिळत नाही, तेथे विभाजक बसविणे म्हणजे कोरड्या पाटाला दारे घालणे होय. म्हणून खर्च करण्यापूर्वी आपल्या प्रदेशात सेवा चालू आहे की नाही, याची खात्री करून घ्यावी.

आजकाल पुष्कळ लोक ही वार्ता हातातल्या दूरध्वनीवरून घेतात, आणि ती अधिक तपशीलवार असते हे नाकारता येणार नाही. तथापि नभोवाणीच्या वाटसरूचे दोन गुण विसरण्यासारखे नाहीत. दूरध्वनी विचारतो, मग त्याला उत्तर मिळते. विचारणाऱ्यांची गर्दी वाढली की उत्तरही खोळंबते. नभोवाणी विचारण्याची वाट पाहत नाही; ऐकणारे दहा असोत की दहा लाख, केंद्राचा श्रम तेवढाच. दुसरे असे की, ऐकणारा कोण, कोठून निघाला, कोठे चालला, हे केंद्राला कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. प्रवासी अनामिक राहतो आणि तरीही सावध होतो. एवढ्यासाठी तरी जेथे ही सोय आहे तेथे तिला नीट कान देणे योग्य ठरेल.

ए-८ वरील त्या गृहस्थांनी पुढे छपरावरचे एरियल दोघांत रीतसर वाटून दिले, तर त्यांच्या यंत्राला त्या चढणीवर पूर्वीपेक्षा खूपच अधिक ऐकू येईल. परंतु त्यांना झालेला खरा लाभ यंत्राचा नव्हे. यापुढे पडदा स्वच्छ दिसला की ते आधी कोपऱ्यातली बारीक खूण पाहतील आणि यंत्र ऐकत आहे ना, याची खात्री करून घेतील. ऐकत नसेल, तर उंचवटा जवळ येण्यापूर्वी वेग कमी करतील. वाटसरू भेटला नाही म्हणून ओढ्याला पूर आलेला नाही, असे कोणताही जाणता वाटाड्या म्हणत नसे. तो पाण्याच्या काठाशी थांबे, काठीने तळ चाचपी, आणि मगच पाऊल टाकी.